राष्ट्रीय सरासरीला धोका

एका देशाच्या सांख्यिकी खात्यात, तुलना कक्षात, एक उपसंचालक होते. आपल्या देशाची इतर देशांशी तुलना करायची, ती आपल्या बाजूने झाली तर वर पाठवायची आणि विरुद्ध गेली तर कपाटात ठेवायची, असं त्या कक्षाचं काम. कक्षात टेबलं थोडी आणि कपाटं फार होती. उपसंचालक स्वभावाने गरीब. त्यांनी आवाज चढवलेला ऑफिसात कुणी ऐकला नव्हता आणि घरी त्यांना तशी संधी मिळत नव्हती. त्यांना खोड एकच होती : ते तळटिपा वाचत.

त्याचं असं झालं. परदेशातल्या विद्यापीठात प्रवेश हवा असेल तर एक चाचणी द्यावी लागते. ती घेणारी संस्था दर वर्षी अहवाल काढते आणि कुठल्या देशातून बसलेल्या मुलांना सरासरी किती गुण पडले ते त्यात छापते. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की या आकड्यांवरून देशादेशांची तुलना करू नये. त्या वर्षी अहवाल तुलना कक्षात आला तेव्हा देशाचा नंबर दुसरा होता. उपसंचालकांनी टीप वाचली, अहवाल कपाटात ठेवायला उठले, पण तोवर शिक्षणखात्याच्या सचिव मॅडमनी तो मंत्र्यांच्या टेबलावर नेलेला होता. उपसंचालकांना तातडीने बोलावणं आलं.

"आपण दुसरे?" मंत्र्यांनी विचारलं. "कशात?"

"बुद्धीत," सचिव मॅडम म्हणाल्या.

"साहेब, बुद्धीत नाही, या चाचणीत," उपसंचालक हळूच म्हणाले. "आपल्याकडे ही चाचणी देतं कोण? ज्यांना फी परवडते, ज्यांच्या घरी विषयागणिक वेगळे मास्तर येतात, अशी मूठभर मुलं. शेजारच्या देशात सरकारनं ती शाळा संपवणाऱ्या प्रत्येकाला सक्तीची केलीय, तीसुद्धा फुकट. जो उद्या नळ दुरुस्त करणार तोही बसतो, जिला केस कापायचं दुकान काढायचंय तीही बसते. म्हणून ते पार तळाला. हे म्हणजे कसं, वजनकाट्यावर आपण फक्त तालमीतले पैलवान चढवले, त्यांनी पाळण्यातल्या पोरांसकट अख्खं गाव चढवलं, आणि मग आपण म्हणायचं की आपल्याकडची माणसं वजनदार."

मंत्री खुर्चीत मागे रेलले. 

"पैलवान," ते म्हणाले. "शब्द चांगला आहे हो."

"पण साहेब, ती तळटीप…"

"तळटीप तळाशीच शोभते," सचिव मॅडम म्हणाल्या. "वर आणू नका."

दुसऱ्या दिवशी चौकाचौकात फलक लागले : 'बुद्धीच्या पैलवानांचा देश.' फलकावर एक दंडाला बेडकुळी काढलेला मेंदू होता.

देशात एकदम उत्साह आला. ज्यांनी ती चाचणी आयुष्यात पाहिलेली नव्हती त्यांनाही आपण हुशार असल्याचा संशय पूर्वीपासून होताच, आता आकडा मिळाला. एका प्राध्यापकांनी शेजारच्या देशातल्या लोकांच्या कपाळाच्या उंचीवर जाडजूड पुस्तक लिहिलं. दुसऱ्याने सिद्ध केलं की तिकडे दुपारी वारा पश्चिमेचा असतो, त्याने विचारशक्ती मंदावते. सरहद्दीवरच्या बाजारात शेजारचं गिऱ्हाईक आलं की दुकानदार त्याच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलू लागले, आणि सुटे पैसे परत देताना त्याच्या तळहातावर एकेक नाणं ठेवून मोजून दाखवू लागले. गिऱ्हाइकं बिचारी हे सौजन्य समजून आभार मानत.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग विधिमंडळात विरोधी पक्षनेत्याने सवाल टाकला की सरकार झोपलं आहे काय? आपण दुसरे का? पहिले का नाही?

उपसंचालकांना पुन्हा बोलावणं आलं.

"पहिला कोण आहे?" मंत्र्यांनी विचारलं.

"एक बेट आहे, साहेब. तिथून दोघीच बसल्या होत्या. सख्ख्या बहिणी आहेत."

"दोघींत एवढी बुद्धी?"

"बुद्धीचा प्रश्न नाही, साहेब. जितके कमी बसतील, आणि जितके निवडून बसतील, तितकी सरासरी…" इथे उपसंचालकांची जीभ अडखळली. आपण भलत्या माणसाला भलतं ज्ञान देतो आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं, पण वाक्य अर्ध्यावर सोडणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. "…तितकी सरासरी वर जाते."

मंत्र्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे बसणारे कमी केले की बुद्धी वाढते!"

"सरासरी वाढते, साहेब."

"तेच ते. मग सरासरीच्या खालचे सगळे काढून टाका."

"काढले की सरासरी वर जाते, साहेब. मग उरलेल्यांतले काही तिच्याखाली येतात."

"येऊ द्या की. त्यांनाही काढा. काढत राहा!"

अशा रीतीने राष्ट्रीय सरासरी संरक्षण कायदा झाला. चाचणीला बसू इच्छिणाऱ्याने आधी तुलना कक्षाकडून 'ना-घसरण दाखला' घ्यायचा, असं ठरलं. शाळेतल्या गुणांवरून अपेक्षित गुण काढायचे. ते चालू राष्ट्रीय सरासरीच्या वर असले तर दाखला, खाली असले तर देशप्रेमाचं प्रमाणपत्र. दाखल्यापेक्षा प्रमाणपत्राचा कागद भारी होता आणि त्याला सोनेरी किनार होती.

लोकांनी कायदा डोक्यावर घेतला. शिकवणीवाल्यांनी 'बसण्याची तयारी' बंद करून 'न बसण्याचे संस्कार' हे नवे वर्ग काढले. फी तीच ठेवली. लग्नाच्या जाहिरातींत 'मुलगा निर्व्यसनी, देशासाठी परीक्षेला न बसलेला' असं छापून येऊ लागलं. ज्यांची बसायची ऐपत कधीच नव्हती ते लोकही कोटावर 'मी बसलो नाही' असा बिल्ला लावून हिंडू लागले आणि बसमध्ये त्यांना जागा मिळू लागली.

पहिल्याच वर्षी देश पहिला आला. बेटावरच्या एका बहिणीला त्या वर्षी गोवर झाला होता असं म्हणतात, पण ती गोष्ट अलाहिदा.

आता उपसंचालकांच्या घरात एक मुलगी होती. अठरा वर्षांची झाली तरी घरात तिला छकुलीच म्हणत. छकुलीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. हा तिचा लहानपणापासूनचा हट्ट. जिन्याखालच्या लंगड्या कुत्रीला तिने आईच्या जुन्या पोलक्याचं बँडेज बांधलं होतं आणि ती कुत्री पुढे चांगली धावली होती. देशात त्या शिक्षणाचं कॉलेज नव्हतं. परदेशात एक चांगलं होतं आणि तिथे प्रवेशासाठी या चाचणीत मध्यम गुण पुरत होते. गायीला डॉक्टरची सरासरी कळत नाही हे त्या कॉलेजने ओळखलेलं असावं.

छकुली अभ्यासात नेटकी होती. ढ नव्हती आणि पुस्तकातला किडाही नव्हती. तिने अर्ज केला. अर्ज रीतसर वडिलांच्याच टेबलावर आला.

उपसंचालकांनी तो बाजूच्या टेबलावरच्या सहायकाकडे सरकवला. सहायकाने तो वाचला आणि आदराने परत सरकवला. "तुमच्या घरचा अर्ज, साहेब. मी कोण नाही म्हणणार?"

"हो म्हणता येतं का बघा ना."

"हो कसं म्हणणार? खाली जातेय ती. थोडीशीच, पण खाली."

उपसंचालकांनी हिशेब पुन्हा करून पाहिला. मग पेन्सिल बदलून केला. मुलगी खालीच जात होती. शेवटी ते सचिव मॅडमकडे गेले. वीस वर्षांच्या नोकरीत ते पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागायला गेले होते, आणि ते कसं मागतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी आधी हवापाण्याची चौकशी केली, मग मॅडमच्या टेबलावरच्या कुंडीचं कौतुक केलं.

"बोला हो," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी सांगितलं.

मॅडमना खरंच वाईट वाटलं. त्यांनी उपसंचालकांना पाणी दिलं. "माझ्या मुलाला मी दोन वर्षं घरी बसवलंय," त्या म्हणाल्या. "वाटलं नसेल मला काही? पण आज तुमची सोडली की उद्या प्रत्येकाची छकुली उभी राहील. मग शेजारच्यांत आणि आपल्यांत फरक काय उरला?"

"फरक नाहीच आहे, मॅडम. मी पहिल्या दिवसापासून तेच…"

"दार लावून घ्या जाताना," मॅडम घाईने म्हणाल्या.

उपसंचालकांनी अर्जावर शेरा लिहिला : 'सदर अर्जदार चाचणीस बसल्यास राष्ट्रीय सरासरीस अत्यल्प परंतु निश्चित इजा संभवते. सबब नामंजूर.' सही केली. ती सही नेहमीसारखी आली नाही म्हणून शिपायाने दोनदा विचारलं, साहेब, ही तुमचीच ना?

संध्याकाळी जेवताना त्यांनी सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र ताटाशेजारी ठेवलं. छकुलीने ते उचलून वाचलं.

"बाबा, मी एकटी बसले तर अख्खा देश मठ्ठ होतो?"

"मठ्ठ नाही गं. दशांश चिन्हाच्या पुढे तिसऱ्या घरात थोडा फरक पडतो."

"आणि मी बसले नाही तर?"

"तर नाही पडत."

"माझ्यात पडतो ना पण," छकुली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "मी आहे तेवढीच हुशार राहणार. बसले तरी, नाही बसले तरी. कुणाची बुद्धी कमी-जास्त झाली यात? तुम्हीच सांगत होता ना पैलवानांचं?"

उपसंचालक भात कालवत राहिले. इतका वेळ कुणी भात कालवत नाही.

"सही कुणाची आहे यावर?" छकुलीच्या आईने विचारलं. तिला दिसत होती. तरी विचारलं.

"माझी."

"हात कसा धजावला?"

"सरकारी काम आहे."

"पोरगी पण सरकारी आहे का?" असं म्हणून ती ताट उचलून आत गेली. त्यानंतर आठवडाभर त्या घरात फक्त कुकर बोलत होता.

आठवड्यानंतर छकुलीने बॅग भरली. शेजारच्या देशात तिची मावशी होती. मावशीचा नवरा तिकडचा. लग्न झालं तेव्हा लोक म्हणाले होते माणूस चांगला आहे, अलीकडे म्हणू लागले होते की तसा मठ्ठ वाटत नाही. छकुली तिथे गेली आणि चाचणीला बसली. नाव विचारलं, बाक दाखवला, बस्स. तिच्या एका बाजूला बेकरीतली मुलगी होती, हाताला पीठ लागलेलं. दुसऱ्या बाजूचा मुलगा पेपर अर्ध्यात टाकून डोकं टेकून झोपला. छकुलीला हवे होते तेवढे गुण मिळाले. कॉलेजने तिला घेतलं. ती मावशीकडे निघाली तेव्हा उपसंचालक स्टेशनवर पोचवायला गेले होते. तिने वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. ते म्हणाले, "स्वेटर वर ठेवलायस ना?"

छकुलीचं बघून आणखी मुलं निघाली. सोनेरी किनारवाली शेकड्यांनी मुलं सरहद्द ओलांडून तिकडे चाचणीला बसली. पुढल्या अहवालात शेजारचा देश तळापासून चांगला वर सरकला.

मंत्री संतापले. "हे काय? आपले मठ्ठ गेले आणि ते हुशार झाले?"

"होय, साहेब," उपसंचालक म्हणाले. छकुली गेल्यापासून ते थोडे स्पष्ट बोलू लागले होते. "आपल्या सरासरीच्या खालची मुलं त्यांच्या सरासरीच्या वर होती. ती इथे बसली नाहीत, तिकडे बसली, आणि दोन्ही देश हुशार झाले. मुलं तीच."

आता तरी साहेबांना ढोंग दिसेल असं त्यांना वाटलं. मंत्री खोलीत येरझारा घालू लागले. मग थांबले.

"पाठवल्याने आपलीही वाढते?"

"वाढते, साहेब, पण…"

"मग गाड्या सोडा! सरकारी खर्चाने!"

गाड्या सुटल्या, सरासरी चढली, दाखले आटले. पुढल्या वर्षी दाखला मिळालेला एकच मुलगा देशात उरला. एका जवाहिऱ्याचा मुलगा. त्याला सगळे 'कॅल्क्युलेटर' म्हणत. त्याच्या घराभोवती पहारा बसला. त्याला सर्दी होऊ नये म्हणून रस्त्यावर पाणी मारायची बंदी झाली. वर्तमानपत्रांत रोज त्याची झोप किती आणि शौचाला साफ झालं की नाही हे छापून येई. त्याला कुणाशी खेळू देत नसत, कारण खेळायला बरोबरीचं कुणी देशात नव्हतं, निदान कागदावर तरी.

चाचणीच्या सकाळी मुलाला ताप भरला. साधाच, थोडा घसा लाल. तो म्हणत होता मी बसतो. मंत्री, सचिव मॅडम आणि चार डॉक्टर त्याच्या पलंगाभोवती उभे राहिले. उपसंचालकांना गाडी पाठवून आणलं.

"तापाने गुण कमी होतील का?" मॅडमनी विचारलं.

"होऊ शकतात."

"म्हणजे गेल्या वर्षीच्या सरासरीखाली जाईल?"

"जाऊ शकतो."

"मला बसायचंय," मुलगा म्हणाला. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याला सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र देण्यात आलं आणि पांघरूण घालण्यात आलं.

त्या वर्षीच्या अहवालात देशाच्या नावापुढे आकडा नव्हता. आडवी रेघ होती.

"हे काय?" मंत्र्यांनी रेघेवर बोट ठेवलं.

"कुणी बसलंच नाही, साहेब. शून्य मुलांची सरासरी निघत नाही. मोजता येत नाही."

 मंत्र्यांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीबाहेर पत्रकार जमले होते. मग सचिव मॅडमनी ते वाक्य सावकाश पुन्हा उच्चारलं, तोंडात घोळवून. "मोजता येत नाही. साहेब… आपली बुद्धी मोजता येत नाही!"

संध्याकाळपर्यंत चौकाचौकात नवे फलक लागले : 'अमाप!'

मैदानावर जंगी सोहळा झाला. तुलना कक्षाच्या सेवेबद्दल उपसंचालकांना शाल आणि मानपत्र मिळायचं होतं. त्यांची बायको पहिल्या रांगेत बसली होती. ती यायला तयार नव्हती. आज मी खरं काय ते बोलणार आहे, असं त्यांनी सांगितलं म्हणून आली. शाल अंगावर पडल्यावर त्यांनी माईक हातात घेतला. त्यांचा आवाज चढला. आयुष्यात पहिल्यांदा.

"आपण हुशार ठरलो नाही आहोत!" ते ओरडले. "त्या रेघेचा अर्थ एवढाच की या देशातलं एकही मूल परीक्षेला बसलं नाही! एकही नाही! आपण आपली सगळी मुलं घरी बसवली, नाही तर घालवून दिली! माझी मुलगी मी घालवली!"

 मग असा टाळ्यांचा कडकडाट झाला की मंडपाचं कापड हललं. लोक उठून उभे राहिले. आयांनी पदराने डोळे पुसले. प्रत्येकाच्या घरात न बसलेलं किंवा घालवून दिलेलं एक तरी मूल होतं आणि त्याचं असं जाहीर कौतुक याआधी कुणी केलं नव्हतं. मंत्र्यांनी उपसंचालकांना मिठी मारली. ते मिठीतून सुटायची धडपड करत होते, तेवढाच फोटो दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आला. त्याखाली लिहिलं होतं, 'भावविवश.'

उपसंचालकांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. नवराबायको आता छकुलीच्या गावी खोली घेऊन राहतात. छकुली डॉक्टर झाली. पहाटे गोठ्यांतून फिरते आणि घरी आली की तिला शेणाचा वास येतो, त्यावर आई रोज बोलते. बापलेक आता बोलतात, मुख्यतः गुरांविषयी. एकदा त्यांनी तिला ती सही कशी केली हे सांगायला सुरुवात केली. ती म्हणाली, "बाबा, बादली धरा जरा," आणि त्यांनी धरली. तिकडे तुलना कक्षात शेजारच्या देशाचं शिष्टमंडळ ही पद्धत शिकायला येऊन गेलं असं ऐकतो. शेजारच्या देशातही आता चाचणी सक्तीची राहिलेली नाही.

ही हकिकत मी बऱ्याच जाणत्या मंडळींना सांगितली आहे. सगळे हसतात. पैलवानांच्या दृष्टांताला मान डोलावतात, त्या देशातल्या लोकांची कीव करतात, अशा आकड्यांना काही अर्थ नसतो हे मलाच उलट समजावून सांगतात. मग चहाचा कप खाली ठेवून, थोडं पुढे वाकून, प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो. तुम्हीही तो विचारणारच आहात, म्हणून आधीच सांगून टाकतो : हो, त्या अहवालात आपल्या देशाचंही नाव होतं.

नंबर मी सांगणार नाही.